गोधडीचे अस्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात महिला विभागाच्या वतीने वाचलेले भाषण)



या सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्वानांची व्याख्याने पुष्कळ झाली. काशीतील मराठी माणसाचा इतिहास आपण सर्वांनी ऐकला. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, नाथमहाराजांनी आपले भागवत याच नगरीत पूर्ण केले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले ते काशीच्या गागाभट्टांनी. १७८० मध्ये अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. एवढ्या थोर परंपरेनंतर गोधडीच्या अस्तराविषयी बोलावयाचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा पुरुषवर्गापैकी काहींनी 'अस्तरावर अर्धा तास?' असे विचारलेही. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की या अस्तरावरून आम्ही तीन महिने भांडलो आहोत; ते अर्ध्या तासात उरकतो आहोत हेच पुष्कळ समजावे.

ज्यांना पूर्ववृत्त ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, तर महिला विभागाने काहीतरी टिकाऊ करावे, असे श्रावणातल्या बैठकीत ठरले. चांदीचा गणपती, समई, ग्रंथांचे कपाट अशा सूचना आल्या. तेव्हा दुर्गाघाटावरच्या एका वहिनींनी सुचविले, की घरटी एक वीतभर कापड जमवावे आणि सर्वांची मिळून एक गोधडी शिवावी. सूचना सर्वांना एकदम पटली. नवरात्रापर्यंत ७२ घरांचे ७२ तुकडे आमच्या हाती आले. त्यांत इरकली होते, नागपुरी पातळ होते, मुंजीतल्या सोवळ्याचा एक तुकडा होता, एका कुटुंबाच्या दुकानाच्या गादीवरची छीट होती. काशी सोडून गेलेल्यांनीही पाठविले. पुण्याहून, इंदुराहून, आणि एक तर थेट टोरांटोहून टपालाने आला, तोही कडक इस्त्री करून! आठ आडवे, नऊ उभे असे ते तुकडे जमिनीवर मांडून पाहिले, तेव्हा आम्ही सगळ्याच थोडा वेळ गप्प झालो होतो.

आणि मग कोणीतरी विचारले, "याला खालून काय लावायचे?"

वरच्या बाजूला प्रत्येक घराला जागा होती. खालची बाजू मात्र एकच, आणि ती कोणाची? बरे, गोधडी पांघरली की अंगाला लागते ती हीच बाजू. वरचे रंग इतरांनी पाहावयाचे, अस्तर पांघरणाऱ्याचे. म्हणून हा प्रश्न वाटला तेवढा लहान नव्हता.

येथे जन्मलेल्या आमच्या मुलींसाठी एक खुलासा करणे अवश्य आहे. काशीच्या थंडीत आपण सर्वजण रजई घेतो, आणि गोधडी म्हणजे गरिबाची रजई असे या मुलींना वाटते. ते खरे नाही. रजईच्या पोटात कापूस असतो. तो पिंजून भरावा लागतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी धुनियाला बोलावून पुन्हा पिंजावा लागतो. गोधडीच्या पोटात कापडच असते, थरावर थर. आमच्या कोल्हापूरकडच्या भगिनी तिला वाकळ म्हणतात, बाळाच्या लहान गोधडीला दुपटे म्हणतात. येथल्या भोजपुरी शेजारणी आपल्या गोधडीला कथरी म्हणतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी. नावे निराळी, पण जुने लुगडे टाकून देववत नाही ही भावना एकच.

या भेदावरूनच अस्तराचा पहिला नियम निघतो. रजईचे अस्तर घट्ट विणीचे हवे, नाहीतर कापसाचे तंतू बाहेर डोकावतात. गोधडीला तशी भीती नाही. तिचे अस्तर सैल विणीचे, मऊ, पुष्कळ धुतलेले असले तरी चालते. किंबहुना तसेच असावे. घट्ट विणीच्या कापडातून चार-पाच थर ओलांडून सुई ओढायची म्हणजे संध्याकाळपर्यंत बोटाला घट्टा पडतो, आणि टाका मोठा होऊ लागतो. आमच्या आज्या जुने लुगडे पुढे-मागे लावीत त्यात काटकसर होतीच, परंतु केवळ काटकसर नव्हती. वीस वर्षे धुऊन धुऊन जे कापड आटायचे तेवढे आटले आहे, रंग सोडायचा तेवढा सोडला आहे, त्याच्यावर विश्वास टाकता येतो. कोऱ्या कापडाचा स्वभाव अजून कळलेला नसतो.

लुगड्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नऊवारी म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येकी पावणेसात फूट लांब, आणि पन्हा चार फुटांच्या आतबाहेर. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची गोधडी: एक पदर वर, एक खाली, दोन पोटात. मागे-पुढे कमी पडले तर जुने धोतर असेच. परंतु लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. काष्ट्याकडचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो. पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग शेवटपर्यंत धड राहतो. विरलेले पोटात जावे, धड ते बाहेर यावे. विरले आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आधी उभे, मग आडवे ताणावे आणि उजेडासमोर धरावे. चाळणीसारखे दिसले, की ते अस्तराला नको. टाका धरणार नाही, टाक्याच्या रेषेतच फाटेल.

आता आमच्याकडे कोणकोणती अस्तरे सुचविण्यात आली ते सांगतो. सुचविणाऱ्यांची नावे सांगत नाही, कारण सगळ्याजणी समोरच बसल्या आहेत.

पहिली सूचना अर्थातच बनारसीची. काशीतले मंडळ, काशीतली गोधडी, मग पाठीला बनारसी का नको? एका भगिनीने आपला जुना शालू उदार मनाने पुढे केला. मदनपुरा, अलईपुरा, पीली कोठी येथल्या मागांवर जे निघते त्याचा आम्हांला अभिमान आहे. २००९ मध्ये त्याला भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. पण अभिमान निराळा आणि पाठीला लावणे निराळे. शालू उलटा करून पाहावा. ज्याला येथले विणकर कढुआ म्हणतात त्यात प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते, मागे सुटा धागा राहत नाही. फेकवा विणीत मात्र जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकलेला असतो, आणि बुट्टी नसेल तेथे तो मागे लोंबतो. पुष्कळदा मग कातरतात. हे लोंबते धागे बाळाच्या बोटांत, नखांत अडकतात. जर खरी असो वा खोटी, तिची कड सुताच्या टाक्याला घासून घासून तोडते. शिवाय रेशीम सुतीवरून घसरते. एक थर इकडे, दुसरा तिकडे. शालू परत त्यांच्या कपाटात गेला, आणि आम्हांला वाटते, त्यांनाही मनातून बरेच वाटले असावे.

दुसरी सूचना नव्या, छापील, न चुरगळणाऱ्या चादरीची. स्वस्त, रुंद, मध्ये शिवण नको. ही मात्र आम्ही चर्चेविनाच बाजूला ठेवली. कृत्रिम धाग्याचे कापड घाम टिपत नाही, सुतीबरोबर आटत नाही. दोन-तीन धुण्यांत वरचा भाग आटतो आणि खालचा तसाच राहून त्याचा फुगा होतो. परंतु मुख्य कारण ते नव्हे. पौष-माघात धुके उतरले की अजूनही आपल्यातल्या कित्येक घरांत म्हातारी माणसे बोरसी जवळ घेऊन बसतात. ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडते, करपल्याचा वास येतो, माणूस सावध होतो. कृत्रिम धागा वितळतो आणि अंगाला चिकटतो. हे सांगताना आम्ही आवाज चढविला असेल तर क्षमा असावी. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आणि बोरसी दोन्ही आहेत त्यांनी आज घरी जाऊन पांघरुणे तपासावीत.

तिसरी सूचना कोऱ्या मांजरपाटाची किंवा खादीची. ही वाईट नव्हती. मुलींनो, तुम्ही उद्या पुण्यात, बंगळुरात किंवा सातासमुद्रापलीकडे असाल, तेथे जुने लुगडे मिळणार नाही. तेव्हा हेच तुमच्या हाताशी असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कोऱ्या कापडात खळ असते. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, सकाळी चोळून धुवावे, वाळवावे. आणि हे एकदा नव्हे, दोनतीनदा करावे. मांजरपाट आमच्या अनुभवाप्रमाणे गजामागे इंच-दीड इंच आटतो. तो आधी न आटविता लावला तर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी आक्रसून तिला सुरकुत्या पडतात. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोराने पुसून पाहावे. फडक्याला रंग लागला तर अजून धुवावे. कापडाचा उभा धागा गोधडीच्या लांबीत ठेवावा, कारण आडवे कापड अधिक ताणते आणि पांघरूण ओढले जाते ते लांबीत. आणि माप घेताना चारी बाजूंना चार-चार बोटे अधिक घ्यावे. टाके घालताना कापड आत ओढले जाते, आणि उरलेली पट्टी वरच्या बाजूला दुमडून तिचीच किनार करता येते. नवशिक्या मुलींनी अस्तर बारीक छापाचे घ्यावे, वाकडे टाके त्यात लपतात. साध्या कापडावर प्रत्येक टाका दिसतो. आमच्या आज्या साधेच घेत. त्यांना टाके लपवायचे नसत.

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या एका सभासद भगिनीने पत्रातून कळविले, की तेथे १९३०च्या मंदीत शेतकऱ्यांच्या बायका पिठाची आणि कोंबड्यांच्या दाण्याची कापडी पोती उसवून गोधड्यांना पाठीशी लावीत. पुढे कारखानदारांनीच पोत्यांवर फुले छापावयास आरंभ केला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगण्यात आल्या होत्या. वाचून गंमत वाटली. भिंतीवर टांगली म्हणजे तिची पाठ कोणाला दिसली असेल?

तर खादी घ्यावी असे जवळजवळ ठरले होते. पैसेही काढून ठेवले होते. आणि त्या बैठकीत ब्रह्माघाटावरच्या एका घरातील नातसुनेने पिशवीतून एक आलवण काढून मध्ये ठेवले.

तरुण मुलींपैकी निम्म्यांना तो शब्दही ठाऊक नव्हता. आलवण म्हणजे केशवपन केलेल्या विधवेचे तांबडे लुगडे. ना काठ, ना पदर, ना बुट्टी. या घाटांवरच्या आपल्या जुन्या वाड्यांत अशा किती स्त्रिया काशीवासाला येऊन राहिल्या! कोणी पुण्याहून, कोणी कोकणातून, कोणी वऱ्हाडातून. कित्येकींना आणून सोडलेले असे. पहाटे पंचगंगेवर स्नान, बिंदुमाधवाचे दर्शन, एकभुक्त, आणि चाळीस-चाळीस वर्षे मरणाची वाट पाहणे. त्या घरातल्या पणजींची दोन आलवणे होती, एक अंगावर आणि एक दांडीवर. अंगावरचे त्यांच्याबरोबर गेले. दांडीवरचे कोणीतरी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले, त्यात कडुनिंबाचा पाला घातला, आणि तीन पिढ्या त्याला कोणी हात लावला नाही. नातसून म्हणाली, "आमच्या घरचा तुकडा मी दिला आहे. पण पणजींचे म्हणून या घरात एवढेच उरले आहे. तुम्हांला चालत असेल तर पाठीला घ्या."

त्यानंतर जे झाले ते या व्यासपीठावरून सांगावे की नाही, याचा आम्ही विचार केला. सांगावे असेच ठरले. काहीजणी म्हणाल्या, हे अशुभ आहे. सवाष्णींनी जमविलेल्या गोधडीला आलवण कसे लावता? त्यांना उत्तर देणाऱ्याही लगेच पुढे झाल्या, आणि आवाज इतका वाढला, की खाली ग्रंथालयात वाचत बसलेले एक गृहस्थ वर येऊन पाहून गेले. परंतु खरा विरोध या ओरडण्यात नव्हता. तो एका आजींचा होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "शुभ-अशुभाचे मला सांगू नका. माझ्या आईला मी सहा वर्षांची असताना आलवण नेसविले. न्हावी आला तो दिवस मला आठवतो. मी ते कापड अंगावर घेणार नाही, आणि कोणाच्या लेकराच्या अंगावर पडलेले मला बघवणार नाही. तुम्ही याला आठवण म्हणता, मी याला शिक्षा म्हणते."

यावर आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते. बैठक तेथेच संपली. आलवण पुन्हा पिशवीत गेले.

नंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही एकमेकींच्या घरी जाऊन बोललो. आमच्यातल्या दोघी-तिघींनी मधला मार्ग काढला, की आलवण घ्यावे पण आधी गडद निळे रंगवून घ्यावे. म्हणजे कापडही लागेल आणि कोणाला काही दिसणारही नाही. ही योजना घेऊन आम्ही त्या आजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, आमच्यापुढे लाडू ठेवले, आणि म्हणाल्या, "रंगवायचे असेल तर मुळीच वापरू नका. त्या बाईला आयुष्यभर लपवून ठेवली, आता तिचे कापडही लपवता? घ्यायचे तर तांबडे घ्या, आणि ती बाजू लोकांना दिसू द्या."

"मग आपली हरकत नाही?" असे आम्ही विचारले.

"हरकत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घ्या."

त्यांचे मत आजही बदललेले नाही, हे त्यांच्याच परवानगीने येथे नमूद करतो. त्या समोरच्या रांगेत बसल्या आहेत. गोधडीच्या पाठीला त्यांनी हात लावलेला नाही. वरच्या भागातला चौथ्या ओळीचा, हिरव्या इरकलीचा तुकडा त्यांच्या आईच्या सौभाग्यकाळातील लुगड्याचा आहे, आणि त्याच्या कडेचे टाके मात्र त्यांनी स्वतः घातले आहेत.

आता कामाचे बोलतो. आलवण उलगडून पाहिले तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि ती आम्हांला थोडी बोचलीही. अस्तर म्हणून ते इतर सर्व कापडांहून सरस होते. लुगड्याच्या काठाची वीण घट्ट असते, मधला भाग सैल; धुतल्यावर काठ निराळा आटतो आणि मधल्या भागाला ओढतो. म्हणून लुगडे लावताना काठ उसवून बाजूला काढावे लागतात. आलवणाला काठच नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी वीण, एकसारखी जाडी, जाडसर पण मऊ झालेले सूत. तिच्या वाट्याला काठ येऊ दिला नाही म्हणून हे कापड आमच्या कामाला आले.

दोष एकच होता. इतकी वर्षे घडीत राहिलेले सुती कापड घडीच्या रेषेवर विरते. आपल्या पेट्यांतून जुनी वस्त्रे ठेवणाऱ्या सर्व भगिनींना आमची विनंती आहे, की वर्षातून एकदा तरी ती काढून घडी मोडावी आणि दुसऱ्या जागी घालावी. आमच्या आलवणावर अशा पाच रेषा होत्या. तेथे अंगठे लावताच कापड सुटले. तेव्हा आम्ही त्या रेषांवरच ते कापले. आठ वारांचे सहा तुकडे झाले, प्रत्येकी सुमारे चार फूट लांब आणि पावणेचार फूट पन्ह्याचे. कडांचे विरलेले धागे काढून टाकले.

मग ते धुतले. पहिल्या पाण्यात इतका तांबडा रंग उतरला, की बादलीकडे पाहवेना. दुसऱ्या पाण्यात मीठ घातले. असे सात वेळा धुतले, तेव्हा कोठे पांढरे फडके पांढरे राहिले. उन्हासाठी ते पंचगंगेच्या पायऱ्यांवर पसरले होते. येणारे-जाणारे थांबत. एका वृद्ध नावाड्याने विचारले, की हे कोणाचे? आम्ही सांगितले, एका माईजींचे. तो हात जोडून पुढे गेला.

वरचा भाग सहा फूट बाय पावणेसात फूट. पाठीसाठी चार तुकडे पुरले. पण ते चौकोनाला चौकोन जोडले असते तर मधोमध चार शिवणी एका ठिकाणी येऊन गाठ झाली असती, आणि ती पाठीला टोचली असती. म्हणून एका बाजूला दोन अखंड तुकडे लावले, आणि दुसऱ्या बाजूला मध्ये एक अखंड व त्याच्या वर-खाली अर्धा-अर्धा. गवंडी विटांचे सांधे चुकवितो तसे. शिवणीच्या पट्ट्या उलगडून सपाट दाबल्या. सूत जुने म्हणून त्याच्या आत आधाराला मलमलीचा एक थर घातला. मलमल दिसत नाही, पण टाक्याचा निम्मा भार तीच उचलते.

पसरण्याचा क्रम सर्वांना ठाऊक असतो असे नाही. सर्वांत खाली अस्तर, सुलटी बाजू जमिनीकडे. ते ताणून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. आमच्याकडे मंडळाचे पितळी तपेले, दोन वरवंटे आणि ज्ञानकोशाचा एक खंड होता. त्यावर मलमल, त्यावर पोटातले जुने धोतर, शेवटी वरचा भाग. मग मध्यापासून कडेकडे जात कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घ्यावेत. कच्चे टाके मध्यापासून का, आणि पक्के टाके कडेपासून का, असे एका मुलीने विचारले. आपल्याकडची रीत कडेने फेरे घालीत आत यायची आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी कोपऱ्यापासून आत शिवीत येतात. असे फेरे घालताना अस्तर जरा जरी सैल असले तरी ती ढिलाई टाक्यापुढे सरकत सरकत मध्यावर येऊन साचते, आणि तेथे चुणी पडते. आधी मध्यापासून टाचले, की ढिलाई कडेला निघून जाते. आमच्याकडून तरी एके ठिकाणी चुणी राहिलीच आहे. शोधणाऱ्यास सापडेल.

मार्गशीर्षात रोज दुपारी दोन ते पाच, कधी बाराजणी, कधी तिघीच. धावदोऱ्याला पांढरे सूत वापरले, त्यामुळे तांबड्या पाठीवर प्रत्येक फेरा दिसतो. कोणाचा टाका तांदळाएवढा, कोणाचा गव्हाएवढा. ज्या भगिनी अशुभ म्हणून उठून गेल्या होत्या त्यांच्यापैकी दोघी तिसऱ्या आठवड्यात आल्या आणि काही न बोलता सुई घेऊन बसल्या. एक आल्या नाहीत. त्यांचा तुकडा वर आहेच.

गोधडी आज सभागृहाच्या मागच्या बाजूस दांडीवर टाकून ठेवली आहे, दोन्ही बाजू दिसतील अशी. हात लावून पाहावयास हरकत नाही; हळदीकुंकवाचा हात मात्र पुसून यावे. दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर तिला ऊन द्यावयाचे आणि घडी बदलावयाची आहे. त्याची पाळी कोणाकडे कोणत्या वर्षी, याचा तक्ता सूचनाफलकावर लावला आहे. सुवासिक गोळ्या थेट कापडात टाकू नयेत. धुणे पाच वर्षांतून एकदा, थंड पाण्यात, न पिळता.

आलवणाचे दोन तुकडे उरले होते. एकाच्या पट्ट्या काढून गोधडीची किनार केली. दुसरा आम्ही त्या नातसुनेला परत दिला. तिने तो मलमलीवर लावून त्याचे दुपटे शिवले. तिच्या नागपूरच्या नणंदेला गेल्या महिन्यात मुलगी झाली, तिच्यासाठी ते पाठविले आहे. पाठविण्याआधी तिने ते समोरच्या रांगेतल्या आजींना नेऊन दाखविले होते. आजींनी ते उलटसुलट करून पाहिले, एका कोपऱ्यातली गाठ वर आली होती ती सुईने आत ढकलून दिली, आणि "बाळाला टोचेल," एवढेच म्हणाल्या.